संन्यासी हेडमास्तर

शाळेच्या हेडमास्तरांची चरित्रे आपल्याकडे सहसा लिहिली जात नाहीत. सेनापतींची, मुत्सद्द्यांची, संतांची, नटांची, किंबहुना पहिलवानांचीही चरित्रे निघतात. परंतु ज्या गृहस्थाने एखाद्या तालुक्याच्या गावी पंचवीस-तीस वर्षे हजेरीपट सांभाळला आणि तीन पिढ्यांचे कान धरले, त्याची कीर्ती शाळेच्या कचेरीतील एका तसबिरीपलीकडे जात नाही. ती तसबीरही बहुधा कपाटाआड गेलेली असते. याचे एक कारण असे की, हेडमास्तराचे काम दुसऱ्यांच्या चरित्रात मुरून जाते. विद्यार्थी कलेक्टर झाला तर कलेक्टराचे चरित्र होते; मास्तर त्यातील दुसऱ्या प्रकरणात एका वाक्यापुरते येतात.

या महिन्यात अशाच एका हेडमास्तरांविषयी लिहावयाचे योजिले आहे. त्यांचे नाव वाचकांच्या कानांवरून खात्रीने गेले असेल, परंतु हेडमास्तर म्हणून नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून प्रसिद्ध आहेत. दरसाल १७ सप्टेंबरला मराठवाड्यात त्यांच्या तसबिरीला हार घातले जातात. त्या मोठेपणाशी माझा यत्किंचितही वाद नाही. माझे म्हणणे इतकेच की, राजकारणात पडण्यापूर्वीची नऊ वर्षे हा पुरुष हेडमास्तराच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्या नऊ वर्षांना त्यांच्या चरित्राची प्रस्तावना म्हणून उरकून टाकण्याची जी रीत पडली आहे ती बरोबर नाही. पुढील चळवळीचा पाया त्या वर्गांतच घातला गेला. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाचा हा पक्षपात आहे असे कोणी म्हणेल, तर म्हणो बापडा.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. लग्नमुंजीनंतर कोकणातून, पुण्याहून, कोठून कोठून मंडळी तेथे जातात; देवीची ओटी भरतात, मुकुंदराजांच्या समाधीचे दर्शन घेतात, दासोपंतांची पासोडी पाहतात आणि दुपारच्या आत परतीच्या वाटेला लागतात. निजामी अमलात या गावाला मोमिनाबाद म्हणत. तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. गाव तसे बेताचे. परंतु त्या गावात देवीच्याच नावाची एक शाळा होती, आणि १९३५ पासून १९३८ पर्यंत तिचे हेडमास्तर एक भगवी वस्त्रे नेसणारे संन्यासी होते. त्यापूर्वी १९२९ पासून ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. हे हिप्परगा गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात आहे. त्या काळी तेथे पोहोचणे म्हणजे बैलगाडीचा प्रवास ठरलेला.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथला. म्हणजे जन्म कानडी मुलखात, घरची भाषा मराठी. सोलापुरास इंग्रजी शाळेत शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले आणि या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. त्या दिवशी अशा प्रतिज्ञा महाराष्ट्रात शेकड्यांनी झाल्या असतील. पाळल्या गेल्या त्या थोड्या. पुढे असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सुटली, आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या वाटेने ते पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची वरची परीक्षा उतरले. नंतर काही काळ कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद, त्यामुळे मुंबई-दिल्लीचे मोठे जग या तरुणाने तेव्हाच जवळून पाहिले. असा माणूस वयाच्या सव्विसाव्या वर्षी हिप्परग्यासारख्या खेड्यात मास्तरकी पत्करतो, ही गोष्ट मला त्यांच्या पुढील तुरुंगवासांपेक्षाही अधिक विचार करावयास लावते. दिल्ली पाहिलेल्या माणसाला खेडे गोड लागणे सोपे नाही.

परंतु ती मास्तरकी म्हणजे काय होती, हे कळण्यासाठी त्या वेळच्या निजामी राज्यातील शिक्षणाची स्थिती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांची घरे ब्रिटिश अमलाखालच्या महाराष्ट्रातली, त्यांस ती परकी वाटेल. इकडे इंग्रजी राज्यात दहा दोष असतील. पण मराठी शाळा, मराठी क्रमिक पुस्तके, मराठी वर्तमानपत्रे यांवर कोणी मुळातच घाला घातला नव्हता. हैदराबाद संस्थानात मराठी बोलणारे लोक एकंदर वस्तीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके होते. तेलुगू बोलणारे त्यांहून पुष्कळ अधिक, कानडीही लाखांनी. उर्दू ज्यांची मातृभाषा असे लोक दहांत एकाच्या आसपास. राज्यकारभार, कोर्ट, दप्तर आणि वरचे सारे शिक्षण मात्र उर्दूत चाले. सरकारी प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कुलाला फौकानिया म्हणत. हेडमास्तर हे सदर मुदर्रिस, आणि जिल्ह्याचा कलेक्टर हा अव्वल तालुकदार. वर्ष फसली, नाणे हाली शिक्क्याचे. १९३१ च्या शिरगणतीत संस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. यावरून काय ते समजावे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे शास्त्रे, कायदा, वैद्यक हे सारे विषय एका हिंदी भाषेतून शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला. इंग्रजीवाचून उच्च विद्या देता येते हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले. त्यासाठी भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उघडले गेले होते. पंडितांनी परिश्रमाने परिभाषा घडविली. तो परिश्रम आदरणीयच होय. अन्याय भाषेत नव्हता. दहा मुलांपैकी ज्या नऊ मुलांच्या घरी ती भाषा बोलली जात नसे, त्यांस विद्येचा दुसरा दरवाजाच ठेवलेला नव्हता, हा अन्याय होता.

आमची सासुरवाड परभणीकडची. सासरे निजामी अमलात शिकलेले. त्यांस ज्ञानेश्वरी तोंडपाठ म्हणावी इतकी अवगत होती, परंतु हिशेब करावयास बसले की ओठांवर आकडे उर्दूत यावयाचे. जमिनीचे जुने कागद ते उजवीकडून डावीकडे सरसर वाचीत आणि आम्हा पुण्याकडच्या जावयाची गंमत पाहत. भाषेचा त्यांस राग नव्हता. उर्दू शेर ते रंगून म्हणत. परंतु एकदा ते म्हणाले ते मी विसरलो नाही: "आम्ही आईशी एका भाषेत बोललो आणि मास्तरांशी दुसऱ्या. त्यामुळे शाळेतली गोष्ट आईला कधी सांगता आली नाही." शिक्षणशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथ मी वाचले, मातृभाषेचा याहून समर्पक पुरस्कार मला आढळला नाही.

मग खाजगी मराठी शाळा काढाव्यात, तर त्यांस सरकारची परवानगी लागे आणि ती सुखासुखी मिळत नसे. सभा भरवावी, तर गश्ती निशाण त्रेपन्न या नावाने कुप्रसिद्ध झालेला हुकूम आडवा येई. त्यान्वये पूर्वपरवानगीवाचून राजकीय स्वरूपाची सभा घेण्याची सोय नव्हती. अशा राज्यात गणेशोत्सव, ग्रंथालय, व्यायामशाळा आणि खाजगी शाळा एवढीच काय ती चार माणसांनी एकत्र येण्याची स्थळे उरली. त्यातही उत्सव दहा दिवसांचा, शाळा बारमाही. म्हणून त्या मुलखात हेडमास्तर हा नुसता पगारी नोकर राहत नसे. तो गावाचा अर्जलेखक, सल्लागार, वर्तमानपत्र वाचून दाखविणारा आणि वेळप्रसंगी गावाच्या वतीने फौजदारासमोर उभा राहणारा असा एकच सुशिक्षित मनुष्य असे.

आता घरच्या बाजूने विचार करून पाहा. एखाद्या कुलकर्ण्याच्या किंवा देशपांड्याच्या एकत्र कुटुंबात चार मुलगे शाळेच्या वयाचे आहेत. वतन सरकारच्या मर्जीवर. सरकारी फौकानियात मुलगा घातला तर उर्दू येईल, पुढे उस्मानियाची पदवी, नंतर पेशकारी किंवा वकिली. भाकरीची ददात मिटली. राष्ट्रीय शाळेत घातला तर मराठी येईल, संस्कृत येईल, चारित्र्य बनेल. परंतु त्या शाळेच्या दाखल्याला सरकारदरबारी किंमत नाही. शिवाय पोलिसपाटलाच्या वहीत घराचे नाव चढावयाचे ते निराळेच. आजोबा म्हणणार, वतन जाईल. आई म्हणणार, मुलगा परक्या वळणावर जातो आहे. बाप मधल्यामध्ये. मी असे ऐकले आहे की, कित्येक घरांत यावर तोड काढली जाई ती अशी: थोरला सरकारी शाळेत आणि धाकटा राष्ट्रीय शाळेत. एक मुलगा पोटासाठी आणि एक देशासाठी! हसू येते, परंतु त्या घरांवर तसा प्रसंग होता, आणि धाकट्याला पाठवावयासदेखील धैर्यच लागे.

ते धैर्य पालकांस कोणाकडे पाहून येई? शाळेच्या इमारतीकडे पाहून खास नव्हे. हिप्परग्याची शाळा १९२१ च्या असहकाराच्या दिवसांत निघालेली. अशा शाळांना अनुदान नाही, शिक्षकांस वेतन नावापुरते, आणि विद्यार्थी दूरदूरच्या खेड्यांतून येऊन राहणारे. पालक पाहत ते हेडमास्तराकडे. आणि तेथे त्यांना दिसला तो एक असा गृहस्थ, ज्याला घरदार नाही, मुलेबाळे नाहीत, बढतीची इच्छा नाही, आणि ज्याला वाटेल तेव्हा परत जाण्यासाठी मुंबई-दिल्लीच्या वाटा माहीत असूनही तो जात नाही. गावच्या माणसाला ग्रंथ कळत नसतील, पण राहणारा कोण आणि जाणारा कोण हे त्याला पहिल्या सहा महिन्यांत कळते.

हिप्परग्यास असतानाच, १९३२ साली, व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला. थोडा शास्त्रविचार येथे अस्थानी होणार नाही. तीर्थ हे दशनामी संन्याशांच्या दहा नावांपैकी एक. आश्रम, सरस्वती, भारती, पुरी, गिरी ही त्यांतीलच इतर नावे. संन्याशाने शिखासूत्राचा आणि अग्नीचा त्याग करावयाचा, द्रव्याला स्पर्श करावयाचा नाही आणि चातुर्मास्य सोडून एका गावी फार काळ राहावयाचे नाही, असा धर्मशास्त्राचा सामान्य दंडक. आणि हेडमास्तराचे काम म्हणजे तर रोज एकाच गावी, एकाच इमारतीत, फीच्या पावत्या आणि हजेरीचे रकाने! कर्मठांस हा विसंवाद वाटला असेल. पण गीतेतील लोकसंग्रह या शब्दाचा अर्थ पाठशाळेत आम्ही केवळ भाष्यांतून शिकलो. तो हजेरीपटात कसा लिहावयाचा असतो हे या संन्याशाने दाखविले.

याच्या अगदी उलट एक उदाहरण आठवते. कांगडीच्या गुरुकुलाचे संस्थापक महात्मा मुन्शीराम यांनी १९१७ साली संन्यास घेतला, ते स्वामी श्रद्धानंद झाले, आणि गुरुकुल सोडून विशाल कार्यक्षेत्रात उतरले. त्यांच्या दृष्टीने तेही योग्यच होते. पण हिप्परग्याचा तरुण भगवी वस्त्रे नेसल्यावरही दुसऱ्या दिवशी शाळेतच गेला. संन्यास घेऊन शाळा सोडणारे थोर पुरुष आपण पाहिले. संन्यास घेऊन शाळेत राहणारा विरळा. पालकांच्या दृष्टीने या घटनेला आणखी एक अर्थ होता. निजामाचे पोलीस राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षकाला त्रास देऊ शकत, त्याची नोकरी घालवू शकत, त्याच्या वतनावर टाच आणू शकत. ज्याने आपण होऊनच सारे टाकून दिले आहे, त्याच्यापासून काय हिरावून घेणार? सरकारापाशी अशा माणसासाठी एक तुरुंगच शिल्लक राहतो.

१९३५ साली स्वामीजी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हिप्परगा सोडून अंबाजोगाईस आले. येथे एक व्यवहाराची गोष्ट दिसते. हिप्परगा हे तपोवन होते खरे, पण तपोवनाला मर्यादा असतात. अंबाजोगाई हे बाजाराचे, कचेरीचे, यात्रेचे गाव. तेथील शाळेत आलेला मुलगा दर सुटीत वीस खेड्यांत परत जातो आणि शाळेतील वारे बरोबर नेतो. थोड्याच वर्षांत मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात हिप्परगा आणि अंबाजोगाई ही दोन नावे तीर्थक्षेत्रांसारखी उच्चारली जाऊ लागली. पुढील चळवळीत जी तरुण मंडळी पुढे आली, त्यांच्यात या दोन शाळांचे विद्यार्थी आणि शिक्षक ठिकठिकाणी दिसतात. याला मी योगायोग मानीत नाही. व्याख्यानाने मनुष्य एका संध्याकाळपुरता पेटतो. शाळेने त्याला वेळेवर उठण्याची, वही नीट ठेवण्याची, दिलेला शब्द पाळण्याची आणि शिक्षा झाली तर ती मुकाट्याने भोगण्याची सवय लागते. सत्याग्रहाला याहून वेगळे काय लागते?

आणि आता १९३८ च्या वर्षाविषयी, ज्याच्यासाठी हा लेख मी मुख्यतः लिहावयास घेतला.

त्या वर्षी स्वामीजींनी शाळा सोडली. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे घाटत होते; ती जन्मास येण्यापूर्वीच, सप्टेंबरात, निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी बंदी मोडून सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच महिन्यात स्वामीजी स्वतः सत्याग्रही म्हणून पकडले गेले. काही आठवड्यांत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. त्यांस काढून टाकण्यात आले, आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. १९९१ साली भारताचे पंतप्रधान झालेले आणि स्वामीजींस गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव हे त्या नागपुरास गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीच. औरंगाबादच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक असलेले गोविंदभाई श्रॉफ यांनीही त्याच वर्षी नोकरीचा राजीनामा देऊन चळवळीत उडी घेतली. एका वर्षात त्या मुलखाने आपले उत्तम शिक्षक वर्गातून उचलून तुरुंगाच्या वाटेवर ठेवले.

हेडमास्तराने शाळा सोडावी काय, हा प्रश्न माझ्यापुढे चाळीस वर्षे आहे. चळवळींच्या दिवसांत आमच्यापैकी प्रत्येकाला तो पडतो. मुले वर्गात बसली आहेत, बाहेर मोर्चा चालला आहे, आणि मुलांचे डोळे खिडकीकडे नसून मास्तरांच्या तोंडाकडे आहेत! अशा वेळी "पुस्तक उघडा" म्हणणे भ्याडपणाचे वाटते आणि "चला" म्हणणे बेजबाबदारपणाचे. पालकांनी मुलगा आपल्या हवाली केला आहे तो विद्येसाठी. त्याचे डोके लाठीखाली नेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उलट पक्षी, जन्मभर सत्य आणि धैर्य यांवर निबंध लिहवून घ्यावयाचे आणि प्रसंग आला की हजेरीपट पुढे करावयाचा, हे तरी कोणत्या तोंडाने?

स्वामीजींच्या करण्यात मला या कोड्याचा एक उलगडा दिसतो. त्यांनी शाळेला रस्त्यावर नेले नाही. स्वतः खुर्चीवरून उठले, शाळा मागे ठेवली, आणि मग पुढे झाले. शाळेच्या नावावर राजकारण करून त्यांनी संस्थेचा गळा सरकारच्या हाती दिला नाही. जो जाईल त्याने आपल्या नावावर आणि आपल्या जबाबदारीवर जावे. विद्यार्थी पाठोपाठ गेले, ही गोष्ट खरी, आणि ते गेले म्हणून कित्येक घरांत आईबापांनी वर्षानुवर्षे उसासे टाकले, ही गोष्टही तितकीच खरी. कोणाचे शिक्षण कायमचे सुटले, कोणाचे वतन गेले. विजयाच्या सोहळ्यात या घरांचा हिशेब कोणी वाचून दाखवीत नाही. मी स्वतः स्वामीजींचा निर्णय योग्यच मानतो. परंतु ज्या आईने तेव्हा त्यांस दूषण दिले असेल, तिलाही मी चुकीची म्हणणार नाही.

यापुढील हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत आहे, म्हणून ती धावती सांगतो. डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने महात्माजींच्या सल्ल्याने सत्याग्रह तहकूब केला. नंतर १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ चे आंदोलन, आणि प्रत्येक वेळी कारावास. १९४६ साली बंदी उठली आणि स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानात 'भारतात सामील व्हा' दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला सारा देश दिवाळी करीत असता स्वामीजी हैदराबादेत पकडले गेले. मध्यंतरी झालेली अल्प काळाची सुटका सोडली तर सप्टेंबर १९४८ पर्यंत ते तुरुंगातच होते. त्या तेरा महिन्यांत सरहद्दीवरच्या छावण्या, करोडगिरीच्या नाक्यांवरील हल्ले, शिंदीच्या झाडांची तोड अशी चळवळ बाहेर चालू राहिली, आणि कासीम रझवीच्या रझाकारांनी जो कहर केला त्याच्या आठवणी सोलापूर, बार्शी, नगरकडे पळून आलेल्या कुटुंबांत अजून आहेत. हा रझवी मूळचा लातूरचा वकील. अंबाजोगाईपासून लातूर काही दूर नव्हे. एकाच टापूत एकाच काळी एकीकडे ही शाळा आणि दुसरीकडे ते संघटन वाढत होते! १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली.

नेता तुरुंगात असताना वर्षभर चळवळ चालते, याला मी हेडमास्तराची परीक्षा म्हणतो. चांगल्या शाळेची पारख हेडमास्तर रजेवर असतानाच होते.

स्वातंत्र्यानंतरचे स्वामीजी मात्र काहींना कळले नाहीत. सत्तेचे पद त्यांनी घेतले नाही. संन्याशाला ते शोभलेही नसते. स्टेट काँग्रेसमध्ये तट पडले. एक गट स्वामीजींचा आणि दुसरा बुर्गुल रामकृष्णराव यांचा. १९५२ साली रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. पक्षोपपक्षांच्या या खेळात स्वामीजी कधी रमले नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर त्यात ते कुशलही नव्हते असे मला वाटते. वर्गात एकदा सांगितलेले ऐकले जाते. पक्षात तेच दहा वेळा, दहा जणांना, दहा प्रकारे सांगावे लागते. ती विद्या शाळेत मिळत नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. पुढे भूदान, खादी आणि शिक्षणसंस्था यांकडेच त्यांचे मन वळले.

त्यातही शिक्षणसंस्थांकडे अधिक. मुक्तीनंतर दोन वर्षेही पुरती झाली नव्हती तोच, १९५० साली, नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या विद्यमाने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. त्या सोसायटीचे संस्थापक स्वामीजी होत. गोदावरीकाठच्या त्या जिल्ह्यात तोवर कॉलेज नव्हते. याच कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकरांसारखा प्राचार्य झाला. राज्य मिळाल्यावर मोठ्या माणसांना राजवाडे आठवतात. या माणसाला शाळाच आठवली.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. भाषावार प्रांतरचना व्हावी आणि हैदराबाद संस्थानाचे तीन भाग करून ते आपापल्या भाषिकांत मिळवावेत, असा स्वामीजींचा आग्रह होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे घडले. तेलुगू जिल्हे आंध्रात गेले, कानडी म्हैसुरात, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. जो प्रदेश त्यांनी मुक्त केला, तो त्यांच्याच मागणीने नकाशावरून नाहीसा झाला. त्यांची जन्मभूमी आज कर्नाटकात, शाळा महाराष्ट्रात, आणि २२ जानेवारी १९७२ रोजी जेथे त्यांनी देह ठेवला ते हैदराबाद आज तेलंगणात. कोणतेच राज्य त्यांस सर्वस्वी आपले म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच, मला शंका आहे, कोणत्याच राज्याने त्यांची पुरी दखल घेतलेली नाही. पण ज्या मास्तराला मुलाने आईच्या भाषेत शिकावे असे वाटत होते, त्याने तेलुगू आणि कानडी मुलांसाठी वेगळे मागावे तरी काय? जे मराठी मुलासाठी मागितले तेच त्यांच्यासाठी मागितले. यात अनेकांनी राजकारण पाहिले. मला हिप्परग्याचा वर्ग दिसतो.

१९६७ साली त्यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. मराठीतही त्या उपलब्ध आहेत. ज्या घरांत मुलगे-मुली आठवी-नववीत आहेत, तेथे दिवेलागणीनंतर वडील माणसांनी त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात अशा आहेत. अनंत भालेराव यांचा 'हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथही शेजारी ठेवावा. भालेराव स्वामीजींचे अनुयायी. त्यामुळे भक्तीचा रंग कोठे कोठे दिसेल, पण माहिती जवळून पाहिलेल्याची आहे.

अंबाजोगाईस आज स्वामीजींच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९७४ साली निघाले. नांदेडच्या विद्यापीठालाही १९९४ पासून त्यांचे नाव आहे. आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे "स्वामी रामानंदला नेले" असे म्हणतात तेव्हा त्यांस रुग्णालय अभिप्रेत असते, मनुष्य नव्हे. नावाचे असेच होते, आणि ते फारसे वाईटही नाही. तेथे खेड्यातील गोरगरिबांस औषध मिळते, हे त्या संन्याशाला आवडलेच असते.

योगेश्वरीच्या दर्शनास पुढच्या खेपेस जाल तेव्हा दुपारच्या आत निघण्याची घाई करू नका, एवढे सुचवितो. शाळेच्या आवारात पाच मिनिटे उभे राहा. जुनी कोणी मंडळी भेटली तर बोलते करा. आणि मराठवाड्यातील ज्या वाचकांच्या घरी कोणी वडीलधारे १९२१ ते १९३८ च्या दरम्यान हिप्परगा किंवा अंबाजोगाई येथे शिकले असतील, त्यांस माझी विनंती आहे. ते विद्यार्थी आता हयात असणे दुर्घट. असतील ते शंभरी गाठलेले. परंतु त्यांच्या ट्रंका माळ्यावर असतात. त्यांत शाळेचा दाखला, एखादी वही, मुलाने घरी लिहिलेले एखादे पोस्टकार्ड सापडण्याचा संभव आहे. मजकूर उर्दूत असला तरी टाकून देऊ नये. वाचून देणारे वृद्ध गृहस्थ अजून गावोगाव आहेत. कागद सापडल्यास त्याची नक्कल करून त्या शाळेकडे, अथवा जिल्ह्याच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाकडे पाठवावी. मूळ कागद मात्र घरीच ठेवावा. टपालात गहाळ होतात.